भूपेंद्रचा डाव

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी दरवर्षी सारंगखेड्याला जाते आणि दरवर्षी पुण्यातून निघताना स्वतःलाच शिव्या घालते. ऐन उन्हाळा, गाडीत पाय ठेवायला जागा नाही, आणि दोंडाईचाला उतरलं की फलाटावरची हवा तापल्या तव्यासारखी तोंडाला लागते. तरी जाते. सासरी दिलेल्या लेकीने आखाजीला माहेरी यायचं, झोके खेळायचे आणि आमरस ओरपायचा, हा खानदेशातला कायदाच आहे. माझी माय गजराबाई कायद्याच्या बाबतीत फार कडक आहे.

यंदा मात्र आप्पांचा फोन आधीच आला होता. आप्पा म्हणजे माझे वडील, चुडामण पाटील. फोनवर कामापुरतं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी बराच वेळ केळीच्या भावावर आणि तापीवरच्या बॅरेजच्या पाण्यावर बोलत राहिले. शेवटी म्हणाले, "चारू, या सालले चार दिन आगोदर ये. तुन्ही मायले समजाडनं शे."

काय समजवायचं ते मला न सांगता कळलं. माझा मोठा भाऊ भूपेंद्र बेपत्ता झाला त्याला यंदा बारा वर्षं पुरी झाली.

दादा सुरतेला उधन्याजवळ मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होता. एका सकाळी खोलीवरच्या पोरांना "घरी जाऊन येतो" म्हणाला आणि पॅसेंजरने निघाला. घरी पोचला नाही. आप्पांनी उधन्यापासून नंदुरबारपर्यंत प्रत्येक स्टेशनवर त्याचे फोटो चिकटवले, वापी आणि अंकलेश्वरचे दवाखाने पालथे घातले. नवापूरला कोणी म्हणालं, कोंबड्यांच्या गाडीत बसलेला पाहिला, म्हणून आप्पा तिथल्या पोल्ट्र्या हिंडून आले. हाती काही लागलं नाही.

आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. मातीची नवी घागर, तिच्यात पाणी, तोंडावर डांगर, म्हणजे आपलं खरबूज. मग निखाऱ्यावर तूप आणि पुरणपोळीचा घास ठेवायचा, ती आगारी, आणि नाव घेऊन पाणी सोडायचं. आखाजीच्या दिवशी गेलेली माणसं आपला वाटा घ्यायला घरी येतात असं मानतात. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग घागर भरायची, हेही ठरलेलं. पण एकदा घागर भरली की तो माणूस गेला. मागाहून दारात उभा राहिला तरी गेला.

मायने बारा वर्षं त्याचा वाटा आगारीत टाकला नव्हता. तो ताटात वाढायची. संध्याकाळी ते ताट गाईपुढे ठेवायची आणि त्या दिवशी स्वतः जेवायची नाही.

मी पोचले तेव्हा लाल घागर मधल्या खोलीच्या कोपऱ्यात पालथी घातलेली होती. माय तिच्याकडे पाठ करून कैऱ्या चिरत बसली होती. मी पाया पडले, तर आशीर्वाद द्यायच्या आधी म्हणाली, "ती घागर मन्हा डोयासमोरथून उचल."

"भूपेंद्रनी माय, बारा वरीस व्हई ग्यात," आप्पा ओट्यावरून म्हणाले.

"व्हऊ द्या. जित्ता पोऱ्यानी घागर मी भरनार नही."

आप्पा उठून बाहेर गेले आणि निंबाला झोक्याचा दोर बांधायला लागले. मी घागर उचलून मागच्या पडवीत नेली. आमचं घर गावाबाहेर, बॅरेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पडवीतून केळीची बाग आणि तिच्यापलीकडे तापीचं साचलेलं पाणी दिसतं. तिथे उभी राहून मी बराच वेळ विचार केला की यातलं कोणाचं बरोबर. आप्पांना रडून मोकळं व्हायचं होतं. मायला आशा सोडायची नव्हती. मला दोघांचंही पटत होतं, आणि असा माणूस कोणाच्याच कामाचा नसतो.

आता गेमबद्दल सांगते. मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूत खोट काढायचा मला पगार मिळतो. नवऱ्याच्या मते हे काम मी घरी फुकटही करते. मी शाळेत असताना दादाने सुट्टीला येताना सुरतेहून टीव्हीला जोडायचं एक जुनं यंत्र आणलं होतं आणि त्याच्याबरोबर एका गेमचे तीन भाग. नाव काहीतरी लांबलचक इंग्रजी होतं, आम्ही 'मनोरा' म्हणायचो. एक सडपातळ पोरगी, उंचच उंच पडके मनोरे, आणि वर चढत जायचं. भिंतीवरून धावायचं, दोराला लोंबकळायचं, झोका घेऊन पलीकडची कड पकडायची. हात चुकला की खाली. त्या पोरीला गेममध्ये नाव नव्हतं. आम्ही तिला चिंगी म्हणायचो.

खेळणारे आम्ही तिघं. दादा, मी आणि शेजारची चुलत बहीण शीला. खेळायचा बटणं-काड्यांचा रिमोट एकच, म्हणून दादाने नियम घातला होता. चिंगी पडली की पडद्यावर 'पुन्हा?' असं इंग्रजीत यायचं, खाली 'होय' आणि 'नाही'. ज्याच्या हातून पडली त्याचा डाव संपला. त्याने रिमोट खाली ठेवायचा, आणि 'होय' पुढच्याने दाबायचं. आधी मी, मग शीला, मग दादा. दादा स्वतःही हा नियम मोडत नसे.

यंदा त्याच मालिकेचे तिन्ही भाग नव्याने रंगवून, एकत्र करून विकायला आले. मी ते लॅपटॉपवर घेतले आणि तारेचा एक रिमोटही विकत घेतला. घरात चार दिवस तोंडं फुगलेली असणार, तेवढाच विरंगुळा, असा हिशेब होता. खरं सांगायचं तर मला दादाची आठवण हातात धरायची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी शीला आली. ती शहाद्याला शाळेत शिकवते, तीही आखाजीला माहेरी आली होती. बाहेर वारा इतका गरम की कावळेही निंबात गप्प बसलेले. आम्ही दारं लोटून घेतली, कूलर लावला, लॅपटॉप स्टुलावर ठेवला आणि खाटेला टेकून खाली बसलो. चिंगी तीच होती, फक्त तिचे केस आता वाऱ्याने उडत होते.

माझ्या हातून ती दुसऱ्याच उडीला पडली. शीलाने माझ्यावर ताण केली, पहिल्यालाच पाडली. मी रिमोट घ्यायला हात पुढे केला, तर ती म्हणाली, "थांब वं. दादाना डाव शे. सोडू नको, नहीते कटकट करी तो."

आम्ही हसलो. पण शीलाने 'होय' दाबून रिमोट खरंच खाटेवर ठेवला. दादा तिथेच बसायचा, आमच्या डोक्यांवर पाय हलवत. मनात म्हटलं, चला, माय त्याला ताट वाढते, आपण डाव वाढू.

चिंगी मनोऱ्याच्या कडेवर उभी होती. श्वास घेतल्यासारखे खांदे हलत होते, ते तर गेममध्ये असतंच. मग पडद्यावरचं दृश्य हळूहळू वळलं. चिंगी ज्या वाटेने आली ती मागची वाट दिसली, जरा वेळ तशीच राहिली, आणि दृश्य पुन्हा पुढे आलं.

"चारू, तू हात लावी ऱ्हायनी का?"

"नही वं. रिमोट वर शे."

मी तिला समजावलं की रिमोटची काडी सैल असली की दृश्य आपोआप सरकतं, साधी खोट आहे, हजारदा पाहिली आहे. शीलाने मान हलवली. मग म्हणाली, "पन दादा बी उडीना आगोदर असाच मांगे देखे."

हे मला आठवत होतं. तिने सांगायची गरज नव्हती.

चिंगी पुढच्या दुपारी हलली. आमचे दोघींचे डाव झाले, रिमोट खाटेवर ठेवला. दृश्य मागे वळलं, पुढे आलं. चिंगी गुडघ्यांत वाकली, उठली, परत वाकली. उभ्या झोक्यावर चढल्यावर आपण गुडघे मोडून झोका वाढवतो ना, तशी. मग पळाली आणि खांबावरून दोरावर, दोरावरून पलीकडच्या सज्जावर गेली. उडीआधी दोनदा वाकायचं काही कारण नाही, त्याने उडी लांब जात नाही. मी दादाला हे शंभरदा सांगितलं होतं. "हेल भेटस," जोर मिळतो, असं तो म्हणायचा.

शीलाने माझा दंड धरला. मला भीती वाटली का? थोडी. पण त्याहून जास्त वाटलं ते कुतूहल, आणि कुतूहलाहून जास्त आनंद. डोळ्यांत पाणी आलं आणि मी हसत होते.

मग मी माझं काम सुरू केलं. आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट आहे. खोट पुन्हा घडवून दाखवता आली पाहिजे, नाहीतर ती खोट नव्हे, गप्पा. रिमोटची तार काढून तो आप्पांच्या कोठीत, धान्यावर ठेवला. दादाच्या डावात चिंगी तरीही चालली. इंटरनेट बंद केलं, तरी चालली. अख्खा गेम पुसला आणि आप्पांच्या मोबाइलच्या नेटवरून परत उतरवला. त्यात सकाळ गेली आणि आप्पांचा डेटा संपला, त्यांनी कपाळाला हात लावला. नव्याने सुरू केलेल्या गेममध्येही चिंगी तिसऱ्या, म्हणजे दादाच्या डावाला मागे वळली, दोनदा वाकली आणि पळाली. मी एकटी खेळले तर काही नाही. शीलाने मुद्दाम दादाच्या डावाला रिमोट हातात धरला, तर चिंगी दगडासारखी उभी. शीलाने तो खाली ठेवला आणि हात पदराला पुसले.

आपला डाव आला की दादा खेळायचा. पडला की थांबायचा. 'पुन्हा?' पडद्यावर तसंच राहायचं, आम्ही 'होय' दाबेपर्यंत. नियम त्याने आमच्याकडूनही पाळून घेतला.

मी बारकाईने पाहत होते. तो चुकत होता. यंत्र चुकत नाही किंवा दर वेळी एकाच ठिकाणी चुकतं, हा माणसासारखा कुठेही चुकत होता. डाव्या बाजूच्या उड्या अचूक, पण उजव्या हाताने कड पकडायची असली की जरासा उशीर व्हायचा. पूर्वी त्याचा उजवा हात फार चपळ होता. कधी दुपारच्या जेवणाच्या सुमारास चिंगी एका हाताने कडेला लटकलेली तशीच राहायची, बराच वेळ. मग परत हालचाल सुरू. शीला म्हणाली, "कोन्ही हाक मारी व्हई त्याले." तिसऱ्या भागात तो भराभर वर चाललेला होता, जिथे आम्ही तिघं लहानपणी कधीच पोचलो नव्हतो, आणि तो कुठवर जातो हे पाहण्याच्या नादात मी बाकी सगळं बाजूला ठेवलं.

आखाजीच्या आदल्या दुपारी दार उघडलं आणि माय आत आली. तिच्या हातात कैरीचं पन्हं होतं. पडद्यावर चिंगी भिंतीवरून धावत होती. मी आणि शीला गुडघ्यांना हातांची मिठी घालून बसलो होतो.

"कोन खेयी ऱ्हायनं?" मायने विचारलं.

शीला माझ्याकडे बघायला लागली. आईपुढे मला आजवर धड एक खोटं बोलता आलेलं नाही.

"दादाना डाव शे, माय."

मायने पेले खाली ठेवले. मागे वळून पाहणारं दृश्य तिने पाहिलं, ते दोनदा वाकणं पाहिलं. तिला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण ती त्या काळात याच खोलीत गहू निवडत बसायची आणि पोराला रागवायची. ती हळूच खाटेजवळ आली आणि खाटेच्या काठावर, दादाच्या जागेला जागा सोडून बसली. त्या डावात तो पडलाच नाही. उन्हं कलेपर्यंत आम्ही तिघी बसून होतो आणि पन्ह्याला मुंग्या लागल्या.

आप्पा शेतातून आले ते दारातच उभे राहिले. मी त्यांना सगळं सांगितलं, तार आणि कोठीपासून. मला वाटलं हसतील. त्यांनी टोपी काढली.

"आखाजीले वाटा घेवाले कोन येस?" ते म्हणाले. "जो गयेल शे तोच येस."

माय ताडकन उठेल, वाट्टेल ते बोलेल, असं वाटलं. ती पडद्याकडेच बघत होती. मग तिने मला विचारलं, आणि इतक्या हलक्या आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

"तू शिकेल शे, चारू. तू सांग. जित्ता मानूस असा येस का?"

मी विचार केला. खरंच केला. जिवंत माणूस तार काढलेल्या यंत्रात शिरू शकत नाही. मेलेलाही शिरू शकत नाही, पण मेलेल्याबद्दल निदान सगळं गाव म्हणतं की तो येतो, आणि तेही नेमकं याच दिवसांत. दोन अशक्य गोष्टींतली एक निवडायची तर जिच्या मागे रीत आहे ती निवडावी, असं मला वाटलं. आणि मायची या वाट पाहण्यातून सुटका व्हावी असंही वाटलं.

"नही, माय," मी म्हटलं. "जित्ता मानूस असा येवू नही शकत."

तिचं तोंड वेडंवाकडं झालं. बारा वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. ती रडली ती पोर गेलं म्हणून नाही.

"बारा वरीस त्याले पानी नही दिधं मी," ती म्हणाली. "बिगर पानीना फिरी ऱ्हायना मन्हा पोऱ्या. आन मी ताट वाढी ऱ्हायनू गाईले."

शीलाने तिला जवळ घेतलं. जरा वेळाने माय स्वतःच उठली, पडवीत गेली आणि लाल घागर घेऊन आली. नळाखाली धरून तिने ती आतून हाताने घासली, लहान पोराचं डोकं घासावं तशी.

आखाजीचा दिवस उजाडला तो झोक्यांच्या आवाजात. गल्लीतल्या पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या, ओट्यांवर पुरुषांचे पत्ते चालले होते. माय पहाटेपासून खापरावर मांडे टाकत होती. तिचा हात हलका झाला होता, मला सरळ दिसत होतं. मध्येच ती गाण्याची एक ओळ गुणगुणली आणि आप्पांनी चकित होऊन वर पाहिलं.

दुपारी ओट्यावर सगळं मांडलं. गव्हाच्या राशीवर घागर, घागरीवर डांगर, समोर गोवऱ्यांचा विस्तव. आप्पा पाटावर बसले. रीतीने पाणी त्यांनी सोडायचं, पण माय म्हणाली, मी सोडते, आणि त्यांनी लोटा तिच्या हातात दिला.

शीला तिच्या घरी आगारीला गेली होती. जायच्या आधी आम्ही आपापले डाव खेळून घेतले होते. दादाचा डाव चालू होता. मी आत आले, कारण तो वरच्या शेवटच्या मनोऱ्यावर पोचला होता आणि मला त्याला तिथे बघायचं होतं. शिवाय वाटलं, पाणी मिळेल तेव्हा त्याच्याजवळ कोणीतरी असावं.

खोलीत आगारीचा धूर यायला लागला. तुपाचा, जळत्या पुरणाचा वास.

चिंगी लांब दोराला लटकली होती. पलीकडे मनोऱ्याचं टोक, त्यावर उघडं दार, दारातून उजेड. तिथे गेलं की खेळ संपतो. दृश्य मागे वळलं. आलेली सगळी वाट खालपर्यंत दिसली. दृश्य पुढे आलं. तिने दोरावर गुडघे मोडले. एकदा. झोका वाढला.

बाहेर माय म्हणाली, "भूपेंद्र, पानी पे रे, बेटा."

पाणी सुटल्याचा आवाज आला. निखारा चर्र झाला.

चिंगीचा हात सुटला.

उडी नव्हती ती. ती मागे टोकाला गेलेल्या झोक्यावरून सरळ खाली आली, हात न हलवता, आणि पडत राहिली. मग पडदा काळा झाला. 'पुन्हा?'

आता डाव माझा होता. मी रिमोट उचलायला वाकले.

'होय' उजळलं. टक.

मी रिमोटला हात लावला नव्हता. स्वतः पडल्यावर 'होय' दादाने कधीच दाबलं नव्हतं, तेव्हाही नाही आणि या चार दिवसांतही नाही.

टक. टक.

गेम सुरू होत नव्हता. मी रिमोटवरून दाबलं, कळफलकावरून दाबलं. लॅपटॉप अडकला नव्हता, कोपऱ्यातलं घड्याळ चालत होतं. 'होय' उजळायचं, विझायचं, पडदा काळाच राहायचा.

टक टक टक टक.

इतक्या घाईने मी त्याला कधी खेळताना पाहिलं नव्हतं.

मला उजव्या हाताचा तो उशीर आठवला. मेलेल्या माणसाचा हात बारा वर्षांत जड होत नाही. त्याला दुपारी कोणी जेवायला हाक मारत नाही. ही नोंद मी स्वतः घेतली होती, आणि मायने विचारलं तेव्हा नको ते बोलून बसले होते.

माय आत आली. हातात ताट, ताटात मांडा आणि आमरस. कपाळावर घाम, आणि चेहरा असा की मी लहानपणानंतर पाहिला नव्हता. मी पटकन आवाज बंद केला आणि पडदा माझ्याकडे वळवला.

"आते त्याना जीव थंडा व्हयना व्हई," ती म्हणाली. "खेयस का तो आजून?"

"नही, माय. थांबना."

"थांबीच ना. पेना पानी." ती खाटेवर टेकली, दादाच्या जागेवरच, आणि मांड्याचा घास मोडून जेवायला लागली. आखाजीचं जेवण ती बारा वर्षांनी जेवत होती. "तू बी बठ, बेटा. रस गरम व्हई जाई."

मी तिच्या शेजारी बसले. ताटातला घास घेतला. माय आप्पांबद्दल काहीतरी हसून सांगत होती आणि मी हं हं म्हणत होते.

'होय' अजून उजळत होतं. फक्त दोन उजळण्यांमधला वेळ आता वाढत चालला होता.